रस्ता कोणाचा?

रस्ता मन मानेल तेथें ओलांडणें हा गुन्हा केव्हां ठरला, याचें उत्तर अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील शहरांतले रस्ते पादचाऱ्यांचे, फेरीवाल्यांचे आणि खेळणाऱ्या मुलांचेहि होते. मोटार ही मागाहून आलेली. तिच्याखालीं माणसें मरूं लागलीं तेव्हां लोकांचा रोष चालकांवरच झाला. मोटारींत यंत्र बसवून त्यांचा वेग ताशीं २५ मैलांवर रोखावा, अशा मागणीवर १९२३ सालीं सिनसिनाटी शहरांत सुमारें ४२,००० नागरिकांनीं सह्या केल्या. परंतु मोटारवाल्यांनीं जोराचा प्रतिप्रचार केला व मतदानांत ती मागणी फेटाळली गेली.

वाहनाला वेसण घालण्यापेक्षां पादचाऱ्यालाच शिस्त लावावी, हा विचार मग बळावला. ‘जे’ म्हणजे गांवढळ. त्यावरून भलतीकडून रस्ता ओलांडणारा ‘जेवॉकर’ म्हणून हिणविला जाऊं लागला. १९२५ सालीं लॉस एंजेलिसनें कडक नियम केले आणि इतर शहरांनीं तोच कित्ता गिरविला. आंखलेल्या जागीं पादचाऱ्यास अग्रहक्क मिळाला. अन्यत्र त्यानें वाहनास वाट द्यावी, असा दंडक पडला.

या दंडाचा भार कृष्णवर्णीयांवर अधिक पडतो, अशी तक्रार पुढें वाढली. तेव्हां २०२३ पासून कॅलिफोर्नियानें प्रत्यक्ष धोका असेल तरच कारवाईची मुभा ठेवली. २०२४ सालीं न्यूयॉर्क शहरानें तर हा गुन्हाच रद्द केला. सावधगिरीचें कर्तव्य पादचाऱ्यावर आजहि आहेच. मात्र केवळ चालण्याबद्दल तो तेथें अपराधी ठरत नाहीं.