उजेडाचं बटण

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून वाशीम जिल्हा झाला. त्याच्या सहाच दिवस आधी, २५ जूनला, विंडोज ९८ बाजारात आलं होतं. वाशीमच्या पाटणी चौकात तेव्हा त्याची कुणाला खबरही नसेल. मी मात्र या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहितो. मी इथे संगणकदुरुस्ती करतो, आणि लॅपटॉपच्या ज्या एका बटणानं मला सगळ्यांत जास्त छळलं, त्याचं मूळ त्याच सुमाराला रुजलं.

पूर्वी एफएन दाबून सूर्याच्या चित्राचं बटण दाबलं की लॅपटॉपचं बायोस परस्पर उजेड कमी करायचं. वर कुठली प्रणाली चालू आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाची नियमावली काढली. विजेचा कारभार हळूहळू प्रणालीच्या हाती गेला. विंडोजमध्ये ही नियमावली पहिल्यांदा आली ती ९८ मध्येच. तेव्हापासून बटण म्हणजे नुसता निरोप झाला. तो पोचवायचा कुणी, यावर पुढची भांडणं.

उजेड कमी करणं ही आमच्याकडे डोळ्यांची बाब नव्हती, विजेची होती. २००५ नंतर भारनियमनात खेड्यांत बारा-बारा तास लाइन नसायची. आजी कंदिलाची वात खाली करून रॉकेल पुरवायची, तसं आम्ही पडदा मंद करून बॅटरी पुरवायचो. त्यात त्या काळी पडद्यामागे बारीक ट्यूब असायची, आणि तिला वीज देणाऱ्या पट्टीला म्हणायचे इन्व्हर्टर. “इन्व्हर्टर गेलं,” असं सांगितलं की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, “घरचं तं चालू हाय ना भाऊ!”

लिनक्स माझ्याकडे पोस्टानं आलं. उबुंटू नावाचं लिनक्स वाटणारे तेव्हा मागेल त्याला फुकट सीडी पाठवायचे. २०११ मध्ये ते बंद झालं. शिकणाऱ्या पोरांच्या जुन्या लॅपटॉपवर मी तेच टाकून द्यायचो. पैसे लागत नव्हते, व्हायरसची कटकट नव्हती. उजेडाचं बटणही बहुधा चालायचं.

मग २०१३ मध्ये मानोऱ्याकडचा एक पोरगा नवा लॅपटॉप घेऊन आला. “पट्टी तं खाली जाते भाऊ, पन उजेड जाग्यावरच हाय.” पुढच्या काही महिन्यांत तशीच आणखी चार यंत्रं आली.

झालं होतं ते असं. लॅपटॉपचं फर्मवेअर प्रणालीला विचारतं, ‘तू कोणतं विंडोज?’ लिनक्स वर्षानुवर्षं बेधडक सांगत आलं, ‘सगळीच.’ खोटं म्हणा, पण त्याशिवाय अर्धी यंत्रं धड चालत नव्हती. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं. त्याला उजेडाच्या किमान १०१ पायऱ्या हव्या होत्या, आणि उजेडाचं काम ते थेट ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडून करून घ्यायचं. डिसेंबरात आलेल्या लिनक्स ३.७ नं ‘मी विंडोज ८ सुद्धा’ असं सांगायला सुरुवात केली. त्यावर विसंबून कित्येक यंत्रांच्या फर्मवेअरनं एसीपीआयची जुनी वाट वाऱ्यावर सोडली. लिनक्स मात्र त्याच वाटेनं निरोप धाडत राहिलं.

पोराच्या यंत्रात बॅकलाइटच्या फोल्डरमध्ये दोन नावं दिसली, एक एसीपीआयचं, एक इंटेलचं. पहिल्यात आकडा लिहिला, काही नाही. दुसऱ्यात लिहिला आणि पडदा झपकन मंद झाला. मी लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फाइलमध्ये ‘एसीपीआय बॅकलाइट म्हणजे व्हेंडर’ अशा अर्थाची एक ओळ घातली. तिच्यामुळे एसीपीआयवाला बाजूला होई आणि इंटेलवाला उरे. बटण चालू. एका ओळीचे पैसे किती सांगावेत, हे तेव्हा मला सुचेना, चहावर भागवलं. ती ओळ मी बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली.

ऑगस्ट २०१४ च्या लिनक्स ३.१६ नं त्या काळच्या यंत्रांसाठी थेट ग्राफिक्सचीच वाट धरली आणि पुठ्ठ्यावरची ओळ लागेनाशी झाली. असं मला वाटलं होतं.

२०२३ च्या दिवाळीत मानोऱ्याच्या पोराचा तोच लॅपटॉप परत आला, आता त्याच्या धाकट्या बहिणीकडचा. जुन्यावरच डेबियन १२ नावाचं लिनक्स चढवलेलं, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ६.१. उजेड पुन्हा अडकलेला, आणि या वेळी बॅकलाइटचं फोल्डर पार रिकामं. ६.१ मध्ये रेड हॅटच्या हान्स द खुडे यांनी हा सगळा कारभार नव्यानं बांधला होता: एका पडद्याला एकच मालक. ‘व्हेंडर’ सांगितलं की आता इंटेलवाला उभाच राहायचा नाही, आणि त्या यंत्रात व्हेंडरवाला, म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर, तर मुळातच नव्हता.

ग्रबची फाइल उघडली. दहा वर्षांपूर्वीची माझीच ओळ तिथे बसलेली होती. खोडली, ग्रब अद्ययावत केलं, यंत्र पुन्हा सुरू केलं. पोरीनं बटण दाबलं तसा पडदा पायरी-पायरीनं मंद होत गेला.

“काय झालं होतं काका?”

“कोणीतरी एक ओळ घालून ठेवली होती,” मी म्हणालो.