बोरघाटातली पटकी

कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली, की मुलं बोगदे मोजू लागतात. हा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. मूळ मार्गावर २५ बोगदे होते. ते खोदणाऱ्यांचं काय झालं?

१८६१ च्या जानेवारीत इथे ४२ हजारांवर मजूर राबत होते. डोंगरात जणू एक शहरच वसलं. पण राहायला झोपड्या आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. त्याआधी, १८५९-६० च्या हंगामात पटकीची साथ आली आणि असंख्य मजूर दगावले. त्या काळी लोक तिला मरीआईचा कोप मानीत. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवलं होतं. ते सर्वमान्य व्हायला मात्र बरीच वर्षं गेली.

आज मावळातच, सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. पूर असो वा दरड, माणसं वाचवून छावणीत आणली, की प्रश्न तोच उरतो. मदतकार्याचा जागतिक संकेत असा : माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, आणि शौचालय विहिरीपासून निदान ३० मीटर दूर. आपल्या गावात कधी छावणी उभारावी लागली, तर आधी एवढं पाहू या.