मेंदूला सौम्य वीज, रागाला लगाम?

माणसाच्या आक्रमक वर्तनाचे मूळ संस्कारांत, परिस्थितीत की मेंदूच्या जडणघडणीत, हा वाद जुनाच आहे. कवटी न उघडता, केवळ बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन ही आक्रमकता कमी करता येईल काय, याचा शोध गेल्या दोन दशकांत अनेक प्रयोगशाळांनी घेतला. त्यातील एक प्रयोग थेट तुरुंगात झाला आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावरून वादही उद्भवला.

राग आणि मेंदू

भीती, संताप यांसारख्या भावनांमध्ये मेंदूच्या अंतर्भागातील बदामाच्या आकाराच्या ‘अमिग्डाला’चा मोठा वाटा असतो. कपाळामागील ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स’ हा भाग परिणामांचा विचार करणे व आवेग आवरणे ही कामे करतो. या भागाला इजा झाल्यास स्वभाव कसा पालटतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फिनिअस गेज. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावर मुकादम असलेल्या गेजच्या डोक्यातून १८४८ मध्ये सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, मात्र पूर्वीचा जबाबदार गेज लहरी व शिवराळ झाल्याची नोंद त्याच्या डॉक्टरांनी केली. लगाम धरणारा हा भाग अधिक कार्यक्षम केला तर आक्रमकता घटेल, हे आजच्या प्रयोगांमागील गृहीतक आहे.

दोन प्रमुख पद्धती

पहिली पद्धत चुंबकीय उद्दीपनाची. ब्रिटनमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ती दाखवून दिली. डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातील चुंबकीय स्पंदांमुळे मेंदूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. नैराश्यावरील उपचारासाठी तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता दिली.

दुसरी ‘ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन’ अर्थात ‘टीडीसीएस’. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील मायकेल निट्शे व वाल्टर पाउलुस यांच्या २००० मधील संशोधनानंतर ती नव्याने चर्चेत आली. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतून साधारण १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह काही मिनिटे दिला जातो. सर्वसाधारणपणे धनाग्राखालील चेतापेशींची उत्तेजित होण्याची तयारी वाढते, तर ऋणाग्राखाली ती घटते. मनोविकारांवरील विद्युत उपचारात भूल देऊन शेकडो मिलिअँपिअरचा प्रवाह देतात. त्याच्याशी या पद्धतीची गल्लत करू नये. खाज, मुंग्या येणे, डोकेदुखी हे ‘टीडीसीएस’चे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

प्रयोग काय सांगतात?

ऑलिव्हिया चॉय, एड्रियन रेन व रॉय हॅमिल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८१ निरोगी प्रौढ सहभागी झाले. काहींना प्रीफ्रंटल भागावर २ मिलिअँपिअरचा प्रवाह २० मिनिटे देण्यात आला, तर इतरांना केवळ तसा आभास निर्माण करण्यात आला. दुसऱ्या दिवशी सर्वांना मारहाण व लैंगिक अत्याचाराचे काल्पनिक प्रसंग वाचायला देऊन, ‘तुम्ही असे वागण्याची शक्यता किती,’ असे विचारण्यात आले. प्रवाह घेतलेल्यांमध्ये ही शक्यता अनुक्रमे ४७ व ७० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र, जवळच्या व्यक्तीचे प्रतीक मानलेल्या बाहुलीला टाचण्या टोचण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजेच घट नोंदली गेली ती हेतूत; कृतीत नव्हे.

स्पेनमधील उएल्वा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तुरुंगातील कैद्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. १.५ मिलिअँपिअरचा प्रवाह प्रत्येकी १५ मिनिटे, अशा तीन सत्रांनंतर कैद्यांनी प्रश्नावलीत स्वतःची आक्रमकता कमी झाल्याचे नोंदवले. येथेही मोजमाप कैद्यांच्या स्वतःच्या उत्तरांचेच होते.

याउलट, नेदरलँड्समधील संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासात, डाव्या पुढील भागाचे उद्दीपन केल्यावर जे सहभागी जितके अधिक चिडलेले होते, तितके ते अधिक आक्रमक वागले. अग्रे कोठे लावली यावर परिणाम उलटाही होऊ शकतो, हा त्याचा धडा.

संमतीचा प्रश्न

उएल्वातील संशोधकांचा पुढचा प्रयोग स्पेनच्या गृह मंत्रालयाने २०१९ मध्येच स्थगित केला. कैद्याची संमती खरोखर मुक्त असते काय, हा यातील कळीचा मुद्दा आहे. शिक्षेत सवलत मिळेल ही आशा किंवा नकाराचे परिणाम भोगावे लागतील ही भीती, यांपैकी काहीही त्या स्वाक्षरीमागे असू शकते. भीतीला इतिहासही आहे. होजे डेल्गादो यांनी १९६३ मध्ये कोर्दोबा येथे मेंदूत विद्युदग्र बसवलेला, चाल करून येणारा बैल रेडिओ संदेशाने थांबवून दाखवला होता. आजच्या पद्धतीत शस्त्रक्रिया नाही. पण दुसऱ्याच्या वर्तनाची सूत्रे कोणाच्या हाती असावीत, हा प्रश्न तोच आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को चाचणी, पॉलिग्राफ व ब्रेन मॅपिंग सक्तीने करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्या चाचण्या मनातील माहिती काढून घेण्यासाठी होत्या. येथे तर वर्तनच बदलण्याचा प्रयत्न आहे. त्यामुळे संमतीचा निकष अधिकच कठोर हवा.

घरी प्रयोग नकोत

बॅटरी व तारा जोडून घरीच असे यंत्र बनवणाऱ्यांना संशोधकांच्या एका गटाने २०१६ मध्ये खुल्या पत्राद्वारे सावध केले होते. प्रवाहाचा परिणाम केवळ अग्राखालील भागापुरता मर्यादित राहत नाही, व्यक्तीगणिक तो बदलतो आणि एका क्षमतेत झालेली वाढ दुसरीच्या मुळावर येऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. अनावर रागाचा त्रास असणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणेच इष्ट. समुपदेशन व आवश्यक तेथे औषधे हे मार्ग उपलब्ध आहेत; ‘टीडीसीएस’ मात्र आक्रमकतेवरचा प्रस्थापित उपचार नसून संशोधनाचाच विषय आहे.