वृक्षप्रश्न, स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगमधील

वृक्षप्रश्न : माहिती ट्रीच्या म्हणजे वृक्षाच्या रूपात देऊन तिच्यावरच्या लाखो क्वेरींची म्हणजे विचारणांची उत्तरे एक-दोन सेकंदांत मागणारा, स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगमधील प्रश्नप्रकार. वृक्षात जितके नोड म्हणजे बिंदू असतात त्यांपेक्षा एक कमी कडा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. चक्र कोठेही नसते, म्हणून कोणत्याही दोन नोडमध्ये नेमका एकच मार्ग निघतो. पुढच्या साऱ्या युक्त्या या एका गुणावर उभ्या आहेत.

या नोंदीत वाराणसीचा संदर्भ घेतला आहे. तेथे हा विषय शिकण्याचे एक ठिकाण म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील आयआयटी. १९१९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरुवात झालेल्या या संस्थेला २०१२ मध्ये आयआयटीचा दर्जा मिळाला. विद्यार्थ्यांचा ‘क्लब ऑफ प्रोग्रॅमर्स’ आणि संगणकशास्त्र विभागाचा ‘कोडफेस्ट’ यांमुळे तेथे स्पर्धांचे वातावरण आहे. मराठी वाचकाला मात्र याच शहरातले एक जुने उदाहरण अधिक जवळचे वाटेल, आणि ते या विषयाला इतके चपखल बसते की संपूर्ण नोंद त्याच्या आधारे मांडता येते.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा नारायण भट्ट (जन्म १५१३), ‘त्रिस्थलीसेतु’चा कर्ता. नारायणाचे मुलगे रामकृष्ण आणि शंकर. रामकृष्णाचे मुलगे दिनकर, कमलाकर आणि लक्ष्मण. पैकी कमलाकराने १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. दिनकराचा मुलगा विश्वेश्वर म्हणजेच गागाभट्ट, ज्यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. शंकराचा मुलगा नीलकंठ, ‘व्यवहारमयूख’ लिहिणारा. इतर भाऊबंद वगळले तर नऊ नोड आणि आठ कडांचा हा वृक्ष होतो. त्याचा रूट म्हणजे मूळ नोड रामेश्वर. रूटपासूनचे अंतर म्हणजे खोली : रामेश्वर ०, नारायण १, रामकृष्ण आणि शंकर २, दिनकर, कमलाकर, लक्ष्मण व नीलकंठ ३, गागाभट्ट ४. (ही मांडणी फक्त पितृवंशाची आहे. प्रत्येक माणसाला आई व बाप दोघेही असतात, त्यामुळे संपूर्ण नातेसंबंध वृक्षात मावत नाहीत.)

पहिला आणि पायाचा प्रश्न सर्वांत जवळच्या सामाईक पूर्वजाचा, स्पर्धकांच्या तोंडी एलसीए. गागाभट्ट आणि नीलकंठ यांचा असा पूर्वज नारायण. गागाभट्ट आणि कमलाकर यांचा रामकृष्ण. तो कळला की अंतरही कळते : दोघांच्या खोलींची बेरीज करायची आणि तीतून पूर्वजाची खोली दोनदा वजा करायची. गागाभट्ट ते नीलकंठ ४ + ३ − २ = ५ कडा. धर्मशास्त्रातील सापिंड्याचा, म्हणजे विवाहाला आड येणाऱ्या जवळच्या रक्तनात्याचा, विचार याच जातीचा आहे. ‘मिताक्षरा’ या टीकाग्रंथाच्या मते पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत सापिंड्य मानतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही मर्यादा अनुक्रमे पाच आणि तीन पिढ्यांवर आणली. अमुक पिढ्यांच्या आत सामाईक पूर्वज सापडतो का, हे विचारणे म्हणजे वृक्षावर क्वेरी टाकणेच, आणि ते काम काशीतले पंडित शतकानुशतके डोक्याने करत आले.

नऊ नोडांत हे बोटांवर जमते. स्पर्धेत २ लाख नोड आणि २ लाख क्वेरी असतात. वृक्ष एकाच सरळ साखळीसारखा असला, तर एका क्वेरीसाठी २ लाख पायऱ्या चढाव्या लागतील, म्हणजे एकूण ४,००० कोटी. सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया असा हिशेब धरतात. त्या हिशेबाने उत्तराला सुमारे ४०० सेकंद लागतील आणि पडद्यावर ‘टीएलई’ म्हणजे वेळमर्यादा ओलांडल्याचा निकाल येईल. प्रत्येक क्वेरीला नव्याने चढण्याऐवजी आधी एकदाच अशी तयारी करायची की पुढचे काम हलके व्हावे, हाच यावरचा उपाय.

बायनरी लिफ्टिंग ही यातली सर्वांत सुटसुटीत तयारी. प्रत्येक नोडसाठी १, २, ४, ८ अशा दुपटीच्या पिढ्यांवरचे पूर्वज आधीच लिहून ठेवतात. आठव्या पिढीचा पूर्वज म्हणजे चौथ्या पिढीच्या पूर्वजाचा चौथा पूर्वज, त्यामुळे तक्ता आपोआप भरत जातो. २ लाख नोडांना १८ स्तर पुरतात, कारण २ चा १८वा घात २,६२,१४४ आहे. तक्त्यात ३६ लाख नोंदी होतात आणि क्वेरीमागे जेमतेम ३६ उड्या लागतात. खोल नोडला आधी दुसऱ्याच्या पातळीवर आणायचे, दोघे तिथेच एक झाले तर तेच उत्तर. नाहीतर मोठ्या उडीकडून लहान उडीकडे येत, दोघे वेगळे राहतील तेवढेच वर चढवायचे. शेवटी दोघांचा बाप एकच निघतो. नवशिक्याने आधी हीच रीत पक्की करावी. पुढच्या अनेक युक्त्यांना तिचा आधार लागतो.

एलसीएचा संगणकशास्त्रीय इतिहास तसा अलीकडचा आहे. १९७३ मध्ये आहो, हॉपक्रॉफ्ट आणि उलमन यांनी तो प्रश्न मांडला. १९८४ मध्ये हॅरेल आणि टारजान यांनी रेषीय, म्हणजे नोडांच्या संख्येच्या प्रमाणातल्या, तयारीनंतर स्थिर वेळात उत्तर देता येते हे दाखवले. १९८८ मध्ये शिबर व विश्किन आणि २००० मध्ये बेंडर व फराश-कोल्टन यांनी ती रीत सोपी केली.

दुसरी तयारी वृक्षाला रेषेत आणते. रूटपासून खोलवर जात प्रत्येक नोडला भेटीच्या क्रमाने आकडा द्यायचा. भट्टांच्या वृक्षात तो असा : रामेश्वर १, नारायण २, रामकृष्ण ३, दिनकर ४, गागाभट्ट ५, कमलाकर ६, लक्ष्मण ७, शंकर ८, नीलकंठ ९. रामकृष्णाचा सारा वंश ३ ते ७ या सलग आकड्यांत आला, शंकराचा ८-९ मध्ये. हे नेहमीच घडते : कोणताही सबट्री, म्हणजे एक नोड आणि त्याखालचा सारा वंश, एक सलग पट्टा बनतो. मग ‘या नोडखालच्या सर्वांत १० मिळवा’ किंवा ‘या नोडखालची बेरीज सांगा’ हे प्रश्न ॲरेच्या म्हणजे ओळीतल्या यादीच्या पट्ट्यावरचे प्रश्न होतात, आणि त्यांची उत्तरे झटपट देणाऱ्या सेगमेंट ट्री किंवा फेनविक ट्री हाताशी असतात. (पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही रचना सात-आठ ओळींत लिहून होते.) फांद्या फुटलेली वस्तू अशी सरळ पट्ट्यात उतरते, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

सबट्री पट्टा होतो, पण दोन नोडमधला मार्ग होत नाही. गागाभट्ट ते नीलकंठ या मार्गातले आकडे ५, ४, ३, २ आणि मग ८, ९. येथे हेवी-लाइट डिकंपोझिशन उपयोगी पडते. तिचे मूळ स्लीटर आणि टारजान यांच्या १९८३ च्या लेखात आहे. प्रत्येक नोडच्या मुलांपैकी ज्याचा सबट्री सर्वांत मोठा ते जड मूल. त्याच्याकडे जाणारी कडा जड, बाकीच्या हलक्या. आपल्या वृक्षात रामेश्वर–नारायण–रामकृष्ण–दिनकर–गागाभट्ट ही एक जड साखळी बनते, शंकर–नीलकंठ ही दुसरी. कमलाकर आणि लक्ष्मण एकेकटे उरतात. भेटीत जड मुलाकडे आधी गेले की प्रत्येक साखळी सलग येते. वरचा क्रम तसाच लावला आहे, म्हणून पाहिजे तो मार्ग २–५ आणि ८–९ या दोनच तुकड्यांत संपतो. हलक्या कडेने खाली उतरताना सबट्रीचा आकार निम्म्याच्याही खाली जातो, त्यामुळे रूटपासून कोणत्याही नोडपर्यंत २ लाखांच्या वृक्षात १७ पेक्षा अधिक हलक्या कडा येऊच शकत नाहीत. प्रत्येक तुकड्याला सेगमेंट ट्री लावली की मार्गावरची बेरीज, कमाल किंवा बदल हे सारे जमते. एसपीओजे या संकेतस्थळावरचा ‘क्वेरी ऑन अ ट्री’ हा प्रश्न यासाठी प्रसिद्ध आहे : कडेचे वजन बदला आणि मार्गावरची सर्वांत जड कडा सांगा. त्यात वजन कडेवर असते, नोडवर नव्हे. ते खालच्या नोडच्या नावे लिहायचे आणि मार्ग मोजताना एलसीएचा नोड वगळायचा. हे विसरल्याने चुकलेली उत्तरे पुष्कळ.

‘अंतर बरोबर अमुक असलेल्या नोडजोड्या किती’ अशा, सर्व मार्गांबद्दलच्या प्रश्नाला साखळ्यांचा उपयोग नाही. तेथे सेंट्रॉइड शोधतात : जो नोड काढला की उरलेला एकही तुकडा निम्म्याहून मोठा राहत नाही. आपल्या वृक्षात तो रामकृष्ण. त्याला काढले तर दिनकर-गागाभट्ट असा दोनाचा तुकडा, कमलाकर, लक्ष्मण आणि वरच्या बाजूचा चौघांचा तुकडा उरतो. सेंट्रॉइडमधून जाणारे मार्ग मोजायचे, मग प्रत्येक तुकड्यात तेच पुन्हा करायचे. तुकडे निम्म्या-निम्म्याने घटत जात असल्याने २ लाखांच्या वृक्षात या पातळ्या १८ च्या पुढे जात नाहीत. ‘या सबट्रीत किती वेगळे रंग आहेत’ यासारख्या प्रश्नांना लहान संच मोठ्यात ओतण्याची रीत पुरेशी होते, कारण दरवेळी घटक निदान दुप्पट मोठ्या संचात जातो.

येथवर वृक्षाचा आकार स्थिर होता. कडा तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, तेव्हा वरचे तक्ते निरुपयोगी ठरतात आणि असे बदल पेलणारी लिंक-कट ट्री ही रचना लागते. दत्तक गेलेला मुलगा एका वंशातून कापून दुसऱ्यात जोडला जातो, तसा हा बदल. दत्तकाचे नियम ‘व्यवहारमयूखा’त नीलकंठाने तपशिलाने मांडले आहेत. सर्व क्वेरी आधीच हाती असतील, तर मात्र बरेचदा त्यांचा क्रम बदलून साधी रीतच चालते.

प्रत्यक्ष लिहिताना घात होतो तो रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावते तेव्हा. साखळीसारख्या वृक्षात फंक्शन २ लाख पातळ्या खोल जाते. पायथनची नेहमीची मर्यादा १,००० आहे, आणि सी++ मध्येही स्टॅक लहान असेल तर प्रोग्राम कोसळतो. स्वतःचा स्टॅक ठेवून फेरी मारणे हाच तिथला खात्रीचा मार्ग. आणि नोड, क्वेरी दोन्ही २,००० च असतील, तर यातले काहीच नको : सरळ चढून गेले तरी ४० लाख पायऱ्यांत काम आटोपते.