एका इटालियन बिस्किटाचा इतिहास

इतिहास म्हटला की रणांगणे, तहनामे आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत डोकावण्याची तसदी इतिहासकाराने फारशी घेतलेली नाही. वास्तविक माणूस लढतो कधीमधी, पण जेवतो रोज. म्हणून इटली देशातील एका साध्या बिस्किटाचा इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. विषय क्षुल्लक वाटेल खरा. परंतु ज्या इटलीच्या मुक्ततेची कथा महाराष्ट्राने मॅझिनीच्या चरित्रातून वाचली, आणि १९०७ साली सावरकरांनी मराठीत आणली, त्याच इटलीची दुसरी बाजू या बिस्किटात दिसते.

प्रथम पदार्थ काय आहे ते सांगू. मैदा, लोणी, साखर आणि अंड्याचा बलक यांच्या ज्या पिठाला इटालियन लोक 'पास्ता फ्रोल्ला' म्हणतात, त्याची ही बिस्किटे. त्यांत लिंबाची किंवा नारिंगाची किसलेली साल घालतात, आणि अलीकडच्या आवडीप्रमाणे बारीक चिरलेली ताजी रोझमेरीही. 'फ्रोल्ला' म्हणजे भुसभुशीत. आपली नानकटाई तोंडात टाकताच जशी विरते तशीच ही विरतात, आणि त्याचे कारणही एकच आहे. मैद्यात पाणी पडून तो मळला गेला की त्याला चिकट ताण येतो. पोळीला तो हवा असतो; येथे तो नको असतो. थंड लोणी मैद्यात बोटांनी चोळले म्हणजे पिठाच्या कणाकणाला स्निग्धाचे वेष्टण बसते आणि ताण धरत नाही. म्हणून हे पीठ मळायचे नसते, केवळ गोळा करायचे असते. मग ते थंड जागी ठेवून, लाटून, बेताच्या आचेवर कडा सोनेरी होईपर्यंत भाजायचे. लिंबाची साल किसताना पिवळा भाग तेवढाच घ्यावा, कारण खालचा पांढरा भाग कडू असतो. ती साल आधी साखरेत चुरली तर तिच्यातील सुगंधी तेल साखरेत उतरते.

आता या जिनसा इटलीत आल्या कोठून ते पाहू. इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्द खणून इतिहास बाहेर काढण्याची वाट आपल्याला दाखविली. त्याच वाटेने गेले तर साखरेला इटालियन भाषेत 'झुक्केरो' म्हणतात आणि नारिंगाला 'अरान्चा'. 'झुक्केरो'च्या मागे अरबी 'सुक्कर', त्यामागे फारसी 'शकर' आणि त्याही मागे संस्कृत 'शर्करा'. 'अरान्चा'च्या मागे अरबी 'नारंज', फारसी 'नारंग' आणि संस्कृत 'नारंग'. आपली 'साखर' आणि आपले 'नारिंग' ही त्यांचीच घरी राहिलेली भावंडे होत. शब्द चालत गेले, कारण वस्तू चालत गेल्या. लिंबूवर्गीय झाडांचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याला, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि युनानच्या पश्चिमेला असावे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वनस्पतींच्या जनुकसंशोधनानेही दाखविले आहे. पिवळे लिंबू तर आंबट नारिंग आणि महाळुंग यांच्या संकरातून उपजलेले आहे.

८२७ साली अरबांच्या फौजा सिसिली बेटावर उतरल्या आणि ८३१ साली पालेर्मो शहर त्यांच्या हाती आले. त्यांच्याबरोबर ऊस आला, लिंबू आले, आंबट नारिंग आले. आणि त्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही पिके जगविणारी पाटपाण्याची विद्या आली. पुढे अकराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी बेट जिंकले. राज्य गेले, मळे राहिले. गोड संत्रे मात्र पुष्कळ नंतर, पोर्तुगीज व्यापाराच्या ओघात पसरले. म्हणूनच दक्षिण इटलीच्या बोलींत संत्र्याला पोर्तुगालच्या नावाने हाक मारतात, आणि आपल्याकडे मोसंबीचे नाव मोझांबिकवरून पडले असे मानतात. ज्या समुद्रवाटांवर गोवा हे मोठे ठाणे होते, त्याच वाटांची ही दोन टोके.

याप्रमाणे साखर आणि सुगंध या दोन्ही गोष्टी पूर्वेकडून आल्या. परंतु 'हे सारे मुळात आमचेच' असे म्हणून समाधानाची ढेकर देणे आम्हांला इतिहास वाटत नाही. वस्तू कोठून आली हा पहिला प्रश्न झाला. ती कोणाच्या वाट्याला आली, आणि तिची किंमत कोणी मोजली, हा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे.

१७९५ साली इंग्रजांच्या आरमाराने खलाशांना स्कर्व्ही रोगावर लिंबाचा रस देण्याची पद्धत सुरू केली. पुढे लिंबाची मागणी वाढत गेली आणि पालेर्मोभोवतालच्या बागा सोन्याच्या मोलाच्या झाल्या. लिंबाची बाग म्हणजे नाजूक प्रकरण. झाड फळाला येईपर्यंत वर्षानुवर्षे पैसा आणि पाणी ओतावे लागते. आणि पाण्याचा पाट एका रात्री कोणी फोडला, किंवा फळे उतरून नेली, की वर्षाची कमाई बुडते. अशा ठिकाणी राखणदार हाच मालकाचा मालक होऊन बसतो. गास्पारे गालाती नावाच्या एका शल्यवैद्याच्या ताब्यात १८७२ साली पालेर्मोजवळची अशी एक बाग आली. जुन्या राखणदाराला काढून त्यांनी नवा नेमला. नव्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. धमक्यांची पत्रे आली. शेवटी १८७५ साली बाग आणि घर सोडून, कुटुंबासह त्यांनी नेपल्स गाठले. दुसऱ्याच वर्षी लिओपोल्दो फ्रांकेत्ती सिसिलीची पाहणी करण्यास गेले, आणि या सुगंधी बागांतला हिंसाचार त्यांनी आपल्या अहवालात नोंदविला. माफिया म्हणून जी संघटित गुंडगिरी पुढे जगभर कुप्रसिद्ध झाली, तिच्या वाढीत लिंबाच्या व्यापाराचा वाटा होता असे आजचे अर्थशास्त्रीय संशोधनही सांगते.

आता सिसिलीहून वर तोस्काना प्रांतात येऊ. १८६१ साली इटलीचे राज्य एक झाले. परंतु माणसे एक भाषा बोलत नव्हती. त्या वेळी इटालियन भाषा जाणणारे किती होते, याचे भाषापंडितांचे अंदाज शेकडा अडीचपासून शेकडा दहापर्यंत आहेत. भाषेची ही गत, तर ताटाची काय असणार? मिलानचा माणूस नेपल्सच्या जेवणाला परकाच होता.

ही दरी सांधण्याचे काम एका वृद्ध गृहस्थाने केले. पेल्लेग्रीनो आर्तुझी हा फोर्लिंपोपोली गावच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १८५१ साली 'पासातोरे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरोडेखोराच्या टोळीने ते गाव लुटले. आर्तुझींच्या घरावरही धाड पडली. त्या धक्क्याने पेल्लेग्रीनोच्या एका बहिणीच्या मनाचा तोल कायमचा गेला. कुटुंब फ्लॉरेन्सला येऊन राहिले. तेथे व्यापारात पैसा मिळवून, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १८९१ साली, आर्तुझीने पाककलेचे आपले पुस्तक स्वखर्चाने छापले, कारण प्रकाशक मिळेना. पुढे १९११ साली तो वारला तोपर्यंत त्याच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या होत्या आणि पाककृती ४७५ वरून ७९० वर गेल्या होत्या. वाचक गृहिणींची पत्रे येत, त्यांतून नव्या कृती भरत. सुबोध इटालियनमध्ये लिहिलेले हे पुस्तक घरोघर गेले, आणि पाकशास्त्राबरोबर भाषाही शिकवू लागले. पास्ता फ्रोल्लाची त्यात तीन प्रमाणे आहेत. एकात २५० ग्रॅम मैद्याला १२५ ग्रॅम लोणी आणि ११० ग्रॅम साखर सांगितली आहे. दुसऱ्या एकात नारिंगाच्या सालीचा वास घालण्यास सांगितले आहे. पीठ आदल्या दिवशी करून ठेवल्यास बिघडत नाही, हेही तो सांगतो.

परंतु हे लोणी आणि ही साखर कोणाच्या घरी होती? मध्यमवर्गाच्या. त्याच काळी उत्तर इटलीचा शेतकरी मक्याच्या घाट्यावर, म्हणजे पोलेंतावर, दिवस काढीत होता. नुसत्या मक्यावर जगणाऱ्याला पेलाग्रा हा रोग होतो: कातडी सोलते, अंगातली शक्ती जाते, शेवटी बुद्धी भ्रमते. १८८१ सालच्या सरकारी मोजणीत असे लाखाहून अधिक रोगी निघाले. मक्यातून शरीराला पुरेसे नायसिन मिळत नाही, हे त्याचे कारण विसाव्या शतकात, १९३७ नंतर, नीट उलगडले. आपेनाइन डोंगरातल्या गरिबांचा आधार तर चेस्टनटचे पीठ. त्याची पाणी आणि ऑलिव्हचे तेल घालून केलेली 'कास्तान्याच्चो' नावाची जाड वडी असे. तिला साखर नसे, लोणी नसे. वर मात्र रोझमेरीची पाने पसरलेली असत, कारण रोझमेरी कुंपणाला फुकट उगवते. आर्तुझीने या वडीलाही आपल्या पुस्तकात जागा दिली, हे त्याच्या नजरेचे मोठेपण.

म्हणजे गोडावर रोझमेरी घालण्याची चाल जुनीच आहे, आणि ती गरिबाघरची आहे. आज लिंबू आणि रोझमेरी यांचे बिस्किट नव्या चवीचे म्हणून कौतुकाने केले जाते. आमच्या मते त्यात दोन इटली एकत्र येतात. लोणी, साखर आणि लिंबाची साल ही बाजारातून विकत आणणाऱ्यांची. रोझमेरी कुंपणावरून खुडणाऱ्यांची. राज्य १८६१ साली एक झाले. ताट एक व्हायला फार वर्षे लागली.

आर्तुझी अविवाहित होता. त्याच्या पुस्तकातील पदार्थ चुलीवर करून पाहणारी दोन माणसे म्हणजे त्याचा आचारी फ्रांचेस्को रुफील्ली आणि घर सांभाळणारी मारियेत्ता साबातीनी. मृत्युपत्रात त्याने पुस्तकाचे हक्क या दोघांना दिले. पुस्तकावर नाव त्याचे असले तरी ज्यांचे हात पिठात होते त्यांचे ऋण त्याने कागदावर मान्य केले. आपल्या पेशवाईच्या दप्तरांतही मुदपाकखान्याच्या नोंदी आहेत. त्यांतून मेजवान्यांची वर्णने पुष्कळांनी वाचली आहेत. त्या मेजवान्यांची साखर कोठून आली, जात्यावर कोण बसले आणि दळणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी काय शिजले, हे शोधणारा अभ्यासक महाराष्ट्रात पुढे यावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही हे विवेचन पुरे करतो.