दोन खांबांमधला खण

सरकारी चाकरीच्या निमित्ताने गेली कित्येक वर्षे आमचा मुक्काम दिल्लीस आहे. कचेरीतून परतताना कॅनॉट प्लेसच्या ओवऱ्यांतून एक फेरी मारावयाची, हा आमचा जुना परिपाठ. रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात उभ्या राहिलेल्या या पांढऱ्या खांबांच्या वर्तुळात मंडळातील बहुतेक कुटुंबांनी दिवाळीची खरेदी केली असेल. एकदा वळवाच्या पावसाने तेथे आम्हास तासभर अडकवून ठेवले. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून आम्ही खांब न्याहाळीत बसलो आणि ध्यानात आले की, लोक कौतुक करतात ते खांबांचे. जातात येतात मात्र दोन खांबांमधल्या रिकाम्या जागेतून. त्या जागेकडे कोणी पाहत नाही. ती तेवढीच का, अधिक का नाही, उणी का नाही, हे कोणी विचारीत नाही.

वास्तविक आपणा मराठी माणसांना हा प्रश्न सुचावयास हवा होता. आपल्याकडे घराचे माप खांबांवरून नव्हे, तर खांबांमधल्या जागेवरून सांगत. घर किती खणांचे, असे सोयरीक जुळविताना विचारीत. आमच्या आजोळचे घर सात खणांचे होते आणि हे सांगताना आजोबांचा आवाज किंचित चढत असे. (खण म्हटल्याबरोबर आमच्या भगिनींना चोळीचा खण आठवेल. त्यास आमची हरकत नाही.) दोन खांब, त्यांवर तुळई आणि मधला मोकळा खण, एवढ्यावर सारे घर उभे राही. खण किती रुंद ठेवावयाचा, हे लाकूड केवढे मिळते त्यावर ठरे. हाच प्रश्न जेव्हा लाकडाऐवजी दगडापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने शतकानुशतके ग्रीक आणि रोमन स्थपतींची झोप उडविली. त्या हकिगतीसाठी हा लेखनप्रपंच.

ग्रीकांची देवळेही प्रारंभी लाकडाचीच होती. ऑलिम्पिया येथील हेरा देवीचे मंदिर इ. स. पू. ६०० च्या सुमाराचे. त्याचे मूळचे लाकडी खांब जसजसे जीर्ण झाले, तसतसे एकेक करून त्यांच्या जागी दगडी खांब बसविण्यात आले. त्यामुळे तेथील खांबांची जाडी आणि त्यांची शीर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या पिढीत जो खांब बदलला, तो त्या पिढीच्या रीतीचा. पॉसेनिअस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे गेला, तेव्हा मंदिराच्या मागील दालनात ओक लाकडाचा एक खांब अद्याप शिल्लक होता. सातशे वर्षे तो एकटा आपल्या जागी उभा राहिला.

दगड आला आणि अडचण सुरू झाली. लाकडी तुळई वाकते. दगडी तुळई वाकत नाही, तुटते. तुळईवर भार पडला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र त्यास सोसवत नाही. शिवाय हिशेब सरळ नाही. तुळईची जाडी तीच ठेवून दोन खांबांमधील अंतर दुप्पट केले, तर केवळ स्वतःच्या वजनाने तिच्या मध्यावर पडणारा ताण चौपट होतो. हे गणित त्या काळी कोणी मांडलेले नव्हते. पण तुटलेले दगड पाहून त्याचे उत्तर साऱ्यांना ठाऊक झाले असावे. सिसिलीतील सिरॅक्यूज येथील अपोलोचे मंदिर हे पश्चिमेकडील पहिल्या दगडी मंदिरांपैकी एक. त्याच्या लांब बाजूंना खांबांमधली मोकळी जागा खांबाच्या जाडीहूनही कमी आहे. तेथील अवशेषांकडे पाहिले की, बांधणाऱ्याच्या मनातली भीतीच दगडात उतरल्यासारखी वाटते.

याच्या उलट टोक इफेसस येथील आर्टेमिसच्या मंदिराचे. इ. स. पू. सहाव्या शतकातील या प्रचंड मंदिराच्या दर्शनी बाजूस, मधल्या दोन खांबांच्या मध्यबिंदूंमधील अंतर आठ मीटरांहून अधिक होते. प्लिनी सांगतो की, दारावरचा अवाढव्य दगड काही केल्या नीट बसेना, तेव्हा स्थपती केर्सिफ्रॉन याच्या मनात आत्महत्येचे विचार घोळू लागले. रात्री देवीने स्वप्नात येऊन त्यास धीर दिला आणि सकाळी पाहतो तो दगड आपल्याच भाराने जागी बसलेला. कथा खरी की खोटी, हा वाद निराळा. कामाच्या जबाबदारीने ज्यांच्या रात्री जागून गेल्या आहेत, त्यांना ती खोटी वाटणार नाही.

या साऱ्या अनुभवाचे शास्त्र बनविले व्हिट्रुव्हिअस या रोमन गृहस्थाने. हा आमच्यासारखाच सरकारी माणूस. सीझरच्या आणि नंतर ऑगस्टसच्या सैन्यातील दगडफेकी यंत्रांची देखभाल व दुरुस्ती त्याच्याकडे होती. सम्राटाच्या बहिणीच्या शिफारशीने त्याचे वेतन पुढेही चालू राहिले, याबद्दल त्याने आपल्या ग्रंथात आभार मानले आहेत. वास्तुकलेवरील त्याचे दहा खंड आजही उपलब्ध आहेत. त्यांतील तिसऱ्या खंडात त्याने खांबांमधील अंतरावरून मंदिरांचे पाच प्रकार सांगितले आहेत. माप फुटात नाही, हातातही नाही. खांबाची स्वतःची जाडी हेच माप. खांबाच्या दीडपट मोकळी जागा ठेवली तर ते मंदिर पिक्नोस्टाइल, म्हणजे दाट खांबांचे. दुप्पट ठेवली तर सिस्टाइल, तिप्पट ठेवली तर डायास्टाइल. त्याहून अधिक मोकळे ते अरिओस्टाइल. त्यावर दगडी तुळई टिकत नाही, लाकडाचीच घालावी लागते. पाचवा प्रकार युस्टाइल, म्हणजे उत्तम अंतराचा. त्यात मोकळी जागा सव्वादोनपट आणि दर्शनी व मागील बाजूच्या मधल्या खणात तेवढी तिप्पट.

दाट खांबांच्या पहिल्या दोन प्रकारांना व्हिट्रुव्हिअस सदोष ठरवितो. का, तर देवदर्शनास आलेल्या गृहिणी पायऱ्या चढून आल्या की, त्यांना एकमेकींच्या हातात हात घालून खांबांमधून जाता येत नाही, एकीमागून एक जावे लागते! शिवाय दार झाकले जाते, मूर्ती दिसत नाहीत आणि प्रदक्षिणेची वाट अरुंद होते, हेही तो सांगतो. पण पहिले कारण दिले आहे ते गृहिणींचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लष्करी यंत्रज्ञाने देवळाच्या खांबांची जागा ठरविताना, दोन मैत्रिणी बोलत बोलत आत जाऊ शकतील की नाही, एवढे पाहिले. हे वाचल्यापासून आमचा त्याच्याविषयीचा आदर दुणावला आहे. तिप्पट अंतराच्या प्रकारातला दोष तो दोन शब्दांत उरकतो: तुळया तुटतात.

युस्टाइलचे गणित मोठे सुबक आहे. दर्शनी बाजूस सहा खांब असतील, तर एकूण रुंदीचे १८ भाग करावयाचे. सहा भाग सहा खांबांचे, चार खणांचे प्रत्येकी सव्वादोन मिळून नऊ आणि मधल्या खणाचे तीन. त्यांतला एक भाग म्हणजे खांबाची जाडी आणि तसे साडेआठ भाग म्हणजे खांबाची उंची. याप्रमाणे एका रुंदीतून सारे मंदिर उलगडत जाते. या पद्धतीचे श्रेय व्हिट्रुव्हिअस हर्मोजेनिस या ग्रीक स्थपतीस देतो. आशिया मायनरमधील टिऑस येथे हर्मोजेनिसने बांधलेले डायोनिससचे मंदिर हा त्याचा नमुना. रोममध्ये या प्रकारचे एकही उदाहरण नाही, हे तो प्रांजळपणे नमूद करतो. नियमपुस्तिकेतील सर्वोत्तम नियम राजधानीतच कोठे पाळला गेलेला नसावा, याचे आम्हास नवल वाटले नाही.

आणखी एक गोष्ट त्याने ओळखली होती. खांब जितके विरळ, तितका प्रत्येक खांब बारीक भासतो. भोवतालची हवा जणू त्याची जाडी खाऊन टाकते. म्हणून अंतर वाढले की खांब जाड करावयाचा आणि कोपऱ्यावरचा खांब, ज्याच्या भोवती मोकळे आकाशच असते, तो इतरांपेक्षा एक पन्नासांशाने अधिक जाड ठेवावयाचा.

आता कोपऱ्याचा विषय निघालाच आहे, तर ग्रीकांचे खरे दुखणे तेथेच होते. डोरिक पद्धतीच्या मंदिरात तुळईवर एक नक्षीपट्टा असतो. त्यात उभ्या खाचांची चौकट आणि कोरीव फरशी आळीपाळीने येतात. चौकटीला ट्रिग्लिफ म्हणतात, फरशीला मेटोपी. नियम असा की, प्रत्येक खांबाच्या बरोबर मध्यावर एक ट्रिग्लिफ यावी, प्रत्येक खणाच्या मध्यावर एक यावी आणि पट्ट्याचा शेवट कोपऱ्यावर ट्रिग्लिफनेच व्हावा. तिन्ही नियम वेगवेगळे घेतले तर निर्दोष; एकत्र पाळू गेले तर अशक्य. कारण तुळईची जाडी ट्रिग्लिफच्या रुंदीहून अधिक असते. ट्रिग्लिफ कडेला नेली की ती खांबाच्या मध्यावरून सरकते. खांबावर ठेवली की कडा उघडी पडते. यावर एक उपाय म्हणजे कोपऱ्याचा खांब आत सरकवून शेवटचा खण अरुंद करणे.

अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये हेच केलेले आहे. इक्टिनॉस आणि कॅलिक्रेटिस यांनी इ. स. पू. ४४७ मध्ये या मंदिरास आरंभ केला. त्याचे खांब बुडाशी सुमारे १.९ मीटर जाड आणि जवळजवळ साडेदहा मीटर उंच आहेत. एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ४.३ मीटर अंतर आहे. कोपऱ्यावर मात्र ते ३.७ मीटरांच्या आसपास येते. नक्षीपट्ट्यासाठी जितके लागले असते, त्याहूनही ते थोडे अधिकच आवळलेले आहे आणि कोपऱ्याचा खांब सुमारे चार सेंटिमीटरांनी जाड आहे. पाहणाऱ्यास कोपरा भक्कम वाटतो, खण लहान झाल्याचे जाणवत नाही. गंमत अशी की, येथील मोकळी जागा खांबाच्या जेमतेम सव्वापट भरते. व्हिट्रुव्हिअसच्या तराजूत हे मंदिर दाटाहूनही दाट ठरले असते. तो लिहीत होता तो काळ आणि त्याच्या डोळ्यांपुढचे सडपातळ आयोनिक खांब निराळे. तथापि ज्या इमारतीस अवघ्या जगाने मान दिला, ती उत्तम अंतराच्या कोष्टकात कोठेच बसत नाही, एवढे खरे.

पार्थेनॉनचे बांधकाम होताच त्याच टेकडीवर म्नेसिक्लिसने इ. स. पू. ४३७ ते ४३२ या काळात प्रवेशद्वाराची इमारत उभारली. तेथे अडचण उलटी होती. देवीच्या उत्सवाची मिरवणूक बळीच्या जनावरांसह मधल्या वाटेने चढून येणार. ठरीव खणातून ती जाणार कशी? म्नेसिक्लिसने मधला खण इतरांच्या सुमारे दीडपट केला आणि वरच्या नक्षीपट्ट्यात एका ट्रिग्लिफऐवजी दोन बसविल्या. नियमही राहिला, मिरवणूकही गेली. आमच्या नोकरीत असे अधिकारी फार थोडे भेटले.

सर्वांनाच अशी वाट काढणे मान्य नव्हते. व्हिट्रुव्हिअस सांगतो की, ट्रिग्लिफच्या या विसंगतीमुळे काही नामांकित स्थपतींनी डोरिक पद्धत मंदिरांसाठी अयोग्यच ठरविली. हर्मोजेनिस त्यांतलाच. डायोनिससच्या मंदिरासाठी डोरिक पद्धतीचा संगमरवर तयार असताना त्याने बेत बदलला आणि त्याच दगडाचे आयोनिक मंदिर उभारले.

पार्थेनॉनची पुढील कथा सांगितल्यावाचून लेखणी थांबवत नाही. २६ सप्टेंबर १६८७ रोजी मोरोसिनीच्या व्हेनिशियन सैन्याचा एक तोफगोळा तेथील तुर्की दारूकोठारावर पडला. स्फोटाने दोन्ही लांब बाजूंचे खांब कोसळले आणि अडीच शतके ते दगड टेकडीवर विखुरलेले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस बालानॉस या अभियंत्याने पुष्कळ खांब पुन्हा उभे केले. हेतू स्तुत्य होता; पण एका खणाचा दगड दुसऱ्या खणात चालेल, असे धरून काम झाले. ग्रीकांनी लोखंडी पकडींभोवती शिसे ओतले होते, ते या वेळी झाले नाही. नवे लोखंड गंजले, फुगले आणि त्याने संगमरवर फोडला.

१९७५ मध्ये एक समिती नेमली गेली आणि १९८३ पासून पार्थेनॉनचे काम नव्याने सुरू झाले. मानोलिस कोरेस या वास्तुविशारदाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एकेक दगड मोजावयास घेतला, तेव्हा कळले की, यांतला कोणताही दगड दुसऱ्यासारखा नाही. मंदिराचा चौथरा वरकरणी सपाट दिसला, तरी लांब बाजूच्या मध्यावर तो सुमारे अकरा सेंटिमीटर फुगीर आहे. खांबही किंचित आत कललेले आहेत. त्यामुळे प्रत्येक खणाचे माप केसाने का होईना वेगळे, आणि त्यावरची तुळई त्याच खणासाठी घडविलेली. पकडींच्या खाचा, तुटलेल्या कडा, पावसाने झिजलेली बाजू यांवरून प्रत्येक दगडाची मूळ जागा शोधण्यात आली. बालानॉसने बसविलेले दगड उतरविले, गंजके लोखंड काढून तेथे टायटॅनियम घातले आणि ज्यांची जागा सापडली ते दगड, तीनशेहून अधिक वर्षांनी, आपापल्या खणावर परत चढविण्यात आले.