बॉल पायथनचं आजोळ

सिंगापूरच्या हार्बरफ्रंटमागे माउंट फेबरची हिरवी टेकडी आहे. या शहरातल्या रानांत आणि नाल्यांत जाळीदार नक्षीचा अजगर आजही सुखानं नांदतो. घरात मात्र अजगरच काय, कुठलाच साप पाळायला कायद्यानं बंदी आहे. रानातल्या अजगराचा वेष सहसा बदलत नाही, कारण पाचोळ्यात पिवळंधमक पिल्लू लपत नाही आणि न लपणारं पिल्लू फार दिवस जगत नाही. लपायची गरज संपते ती पिंजऱ्यात. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन पिंजऱ्यात आला आणि त्याच्यातून अल्बिनो, पायबाल्ड, लॅव्हेंडर, स्पायडर असे ‘मॉर्फ’, म्हणजे रंग-नक्षीचे वेगळे प्रकार, निघाले. प्रचलित कुळकथा दोन ओळींत संपते: घाना, टोगो, बेनिनमधून साप निर्यात झाले, त्यांतले विचित्र रंगाचे अमेरिकी ब्रीडरांनी वेगळे काढले आणि 1990च्या दशकापासून त्यांची पैदास केली. हे खरं आहे, पण हा झाला निव्वळ जन्मदाखला. या छंदाचं आजोळ माझ्या मते जपानात आहे, आणि तेही उंदरांच्या पिंजऱ्यात.

1787 साली जपानात ‘चिंगान सोदातेगुसा’ नावाचं एक छोटं पुस्तक निघालं. हौशी लोकांनी रंगीबेरंगी उंदीर कसे पाळावेत आणि कशाची जोडी कशाशी लावावी, हा त्याचा विषय. याच जपानी शौकातले ‘नाचरे’ उंदीर पुढे युरोपात पोचले. ते स्वतःभोवती गरागरा फिरत, आणि त्यांचे डोळे गुलाबी असूनही अंगावर रंग असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये डार्बिशायरनं त्यांचा संकर पांढऱ्याशुभ्र अल्बिनो उंदरांशी केला. ते आकडे चाळताना तरुण जे. बी. एस. हाल्डेनच्या लक्षात आलं, की गुलाबी डोळा आणि अल्बिनोपण हे दोन गुण एकमेकांना चिकटून वारशात उतरतात. स्वतः प्रयोग करून आकडे जमव, असा सल्ला त्याला आनुवंशिकीतज्ज्ञ पनेटनं दिला. मग बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह हाल्डेननं उंदीर वाढवले. निबंध 1915 साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये छापून आला, तेव्हा हाल्डेन आघाडीवर होता आणि स्प्रंट युद्धात मारला गेला होता. सस्तन प्राण्यांतल्या जनुकांच्या अशा जोडीचा तो पहिला पुरावा. त्या दोन जनुकांना आज टीवायआर आणि ओसीए2 म्हणतात. 2022 साली ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी साप पाळणाऱ्यांकडून कात मागवून बॉल पायथनची जनुकं तपासली. अल्बिनोत बिघाड निघाला टीवायआरमध्ये, लॅव्हेंडर अल्बिनोत ओसीए2मध्ये. हाल्डेनच्या उंदरांतली नेमकी तीच जोडी!

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही जनुकं झाडून सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत असतात. ती उंदरात सापडली नि सापातही सापडली, यावरून वंशावळ कशी सिद्ध होणार? जनुकांची होत नाही, हे कबूल. रूपही सारखं नसतं: उंदराचा सगळा रंग मेलॅनिनचा, म्हणून टीवायआर बिघडला की तो पांढरा होतो, सापाच्या कातडीत पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी वेगळ्या असतात, म्हणून अल्बिनो अजगर पिवळा-पांढरा दिसतो. वारसा आहे तो पद्धतीचा. अल्बिनो आणि लॅव्हेंडरची जोडी लावली तर पिल्लं साध्या रंगाची निपजतात, कारण प्रत्येक पालक दुसऱ्याच्या बिघडलेल्या जनुकाची धड प्रत पुरवतो. ब्रीडर अशा पिल्लांना ‘डबल हेट’ म्हणतो. यातला ‘हेट’ म्हणजे पनेटचा सहकारी बेटसन यानं 1902 साली रूढ केलेल्या ‘हेटरोझायगोट’चं डोकं. पुढच्या पिढीचा हिशेब मांडायला ब्रीडर जो चौकोन आखतो, तो पनेटचा. आणि 1910 साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केलं ते याच बेटसन-पनेट जोडगोळीनं.

दुसरा दावेदार तगडा आहे. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी 1960च्या सुमारास कॉर्न स्नेकमधलं अल्बिनोपण अप्रभावी असल्याचं पैदाशीतून दाखवलं. साप-शौकाचा मूळपुरुष म्हणून बहुतेकांचं बोट त्यांच्याकडे जातं. मुंबई विमानतळावर डिसेंबर 2023मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत, नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. बाजारात या दोन सापांची सोयरीक किती जवळची, ते त्यावरून कळावं. तरी बेक्टेलनी सापाला लावली ती कसोटी मेंडेलच्या वाटाण्यानंतर उंदीर-कोंबड्यांवर घासूनच तयार झाली होती. ते या घराण्यात आले ते जावई म्हणून.

माझ्या बाजूचा सर्वांत बोलका साक्षीदार स्पायडर मॉर्फ. 1999 साली बाजारात आलेल्या या सापाची मान डुगडुगते, कधी डोकं उलटं वळतं. 2022 साली त्याचं कारण अंतर्कर्णाच्या सदोष रचनेत सापडलं. जपानी उंदरांचं नाचणंही अंतर्कर्णातल्या दोषामुळेच होतं. जनुकं वेगळी असतील, पण वृत्ती तीच: देखणेपणासाठी निवड करायची आणि तोल गेलेला प्राणी कौतुकानं वाढवायचा. तेव्हा या घराण्याकडून विज्ञानाला मिळालेल्या देणगीचा हिशेब मांडायचा, तर ती देणगी कुणाच्या अंगावर काढली गेली, तेही त्याच चौकोनात लिहायला हवं.